कोण न्हाई, जोड हाय त्याची

चैत्रातल्या यात्रेचं कुस्ती मैदान. सांगलीकडचं गाव, उसाच्या फडाला लागून सपाट केलेलं रान, मधोमध टाकलेली तांबडी माती आणि चारी बाजूंनी बसलेली, उभी राहिलेली, लिंबाच्या झाडावर चढलेली माणसं. दुपारी नारळाच्या आणि पन्नास-शंभर रुपयांच्या कुस्त्यांनी सुरू झालेलं मैदान दिवेलागणीला मोठ्या जोडीपर्यंत आलं. दहा मिनिटं नुसती खडाखडी चालली. मग एका पैलवानानं खाली बुडी मारली, समोरच्याचा एक पाय धरून एकेरी पट काढला, समोरच्याला छातीशी उचलला आणि पाठ मातीला लावली. हलगी कडाडली. पोरं आत धावली, त्याला खांद्यावर घेतलं, कुणी फेटा बांधला, कुणी लंगोटाच्या पट्टीत नोटा खोचल्या. ही मिरवणूक संपवून तो कडेला आला, तेव्हा तिथं त्याच्याच वयाचा एक पोरगा टॉवेल पसरून बसला होता. त्यानं काही न बोलता विजेत्याची पाठ पुसली. टॉवेलचं टोक पिळून त्याच्या कानातली माती काढली. मानेवर पाणी ओतलं, पण तांब्या त्याच्या तोंडाला लावू दिला नाही, दोनच घोट दिले. उजव्या खांद्याखाली अंगठा दाबून ‘हितं का?’ असं विचारलं. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं कमिटीतल्या माणसाला विचारलं, “ह्यो कोण ओ?” तो माणूस माईककडं जाता जाता म्हणाला, “कोण न्हाई, जोड हाय त्याची.”

त्या मैदानातल्या बाकीच्या कुस्त्या आता धूसर झाल्यात. हे पाच शब्द मात्र गेले नाहीत.

म्हणणाऱ्याच्या मनात कमीपणा दाखवायचं काही नव्हतं. तालमीत हे असंच बोलतात. जोड म्हणजे मैदानात ठरवलेली कुस्ती, आणि जोड म्हणजे तालमीतला रोजचा जोडीदारही. वजनात चार-पाच किलोंचा फरक, उंची जवळपास सारखी, आणि दोघांची मेहनतीची वेळ एक, एवढं जमलं की वस्ताद दोघांना एकमेकांच्या हवाली करतात. पुढची चार-सहा वर्षं ते एकमेकांचा घाम, चिडचिड, गजकर्ण आणि ताटातली डाळसुद्धा वाटून घेतात. आता नुसता हिशेब मांडून बघा. ज्या पटानं त्या दिवशी मैदान मारलं, तो पट पैलवान दिवसाला तीस वेळा मारतो. आठवड्याचे सहा दिवस धरले तर एकशेऐंशी. आजारपण, घरची लग्नं, यात्रांचे दिवस वजा केले तरी वर्षाला आठ हजारांच्या घरात जातं. पाच वर्षांत चाळीस हजार. आणि जेवढ्या वेळा तो पट मारला गेला, तेवढ्या वेळा कुणीतरी मातीत पडलेलं असतं. दोर एकट्यानं चढता येतो, जोर-बैठका एकट्यानं मारता येतात, गदा एकट्यानं फिरवता येते. डाव मात्र एकट्यानं शिकता येत नाही.

तालमीत नवा पोरगा येतो तो बहुतेक दहा-बारा वर्षांचा असतो. बापाच्या मागं उभा, हातात पत्र्याची पेटी, नजर भिंतीवरच्या फोटोंवर. त्याला वाटत असतं की उद्यापासून ढाक, कलाजंग, धोबीपछाड असे डाव. उद्या त्याच्या हातात पडतं ते फावडं. वीस बाय वीस फुटांचा हौद, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, दोन फूट खोल धरला तर त्यात आठ ब्रास माती बसते, आणि ती रोज पहाटे उकरावी लागते. एक दिवस खाडा झाला तरी आदल्या दिवशीच्या पायांनी ती चेपून पाट्यासारखी होते, आणि त्या पाट्यावर खांदा आपटला तर सांधा निखळतो. उकरायची तीही टोकापासून टोकापर्यंत, एका रांगेत, ढेकूळ हातानं फोडत, खडा सापडला की बाहेर टाकत. मग पाणी मारायचं. किती, हे कुठं लिहिलेलं नाही. मूठभर माती दाबली की तिचा लाडू व्हावा आणि अंगठा लावला की फुटावा, एवढा ओलावा. कमी झाला तर धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते, जास्त झाला तर पाय सरकतो आणि पकड सुटते. मातीत वर्षातून एक-दोनदा तेल, ताक, हळद, लिंबू, काव, कापूर आणि कडुलिंबाचा पाला मिसळतात. प्रमाण तालमीतालमीत वेगळं असतं, पण तेलाच्या दोन-तीन डब्यांखाली काम भागत नाही. तेलानं धूळ बसते, माती लवकर सुकत नाही. हळद आणि कडुलिंबाचा पाला खरचटलेल्या कातडीसाठी. पहाटे दिवा लावायच्या आधी तालमीत शिरलं की जो वास येतो, ओलसर, तुरट, थोडा आंबूस, तो या सगळ्याचा असतो. त्यात घाम मिसळलेला असतोच. ज्यांनी लहानपणी तो घेतलाय, ते साठीतही पावसाच्या पहिल्या सरीला थबकतात.

तीन-चार आठवडे असे जातात. पोरगा माती उकरतो, पाणी मारतो, मोठ्यांच्या जोर-बैठका मोजतो, स्वतः पंचवीस जोर आणि पन्नास बैठका मारतो. मग बाप येतो आणि विचारतो, “वस्ताद, अजून काय डाव-बिव दावला न्हाई का पोराला?” प्रश्न रास्त आहे. मेसचे पैसे तो भरतोय, दूध-तूप तो पाठवतोय, आणि शेजारच्या गावातला पोरगा म्हणे दोन महिन्यांत मैदानात उतरला. काही बाप इथंच पोराला उचलून दुसऱ्या तालमीत नेऊन टाकतात. वस्ताद अडवत नाहीत, फक्त गप्प होतात. त्यांचं गप्प होणं बऱ्याचदा अडाणी हेका म्हणून घेतलं जातं. तसं नसतं. व्यायामाला लागल्यावर पहिल्या पाच-सहा आठवड्यांत जो जोर वाढलेला दिसतो, तो बहुतांशी नसांचा असतो. मेंदू आहे त्याच स्नायूंना अधिक चांगलं कामाला लावायला शिकतो. स्नायू खरोखर भरायला त्यानंतर लागतो. आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या ज्या दोऱ्या, त्या सगळ्यांत मागून येतात, कारण त्यांना रक्ताचा पुरवठा कमी. म्हणजे दोन महिन्यांत पोराचा दंड फुगतो, त्याला वाटतं आपण तयार झालो, पण खांदा आणि गुडघा अजून जुनाच असतो. त्यातून वाढत्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात. या काळात भारी जोडीदार दिला की पोरगं मोडतं. जोर आठवड्याला पाचनंच वाढवायचे, ही तालमीतली सांगी शरीरशास्त्र वाचून आलेली नाही. मोडलेली पोरं बघून आलेली आहे.

डावाच्या आधी शिकवतात ते पडायला.

हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं मागं आपटत नाही. जीभ आत, दात मिटलेले. पडताना श्वास सोडायचा. छातीत हवा कोंडलेली असली की पाठ आपटल्यावर क्षणभर डोळ्यांपुढं अंधार येतो. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे हात टेकवायचा नाही. माणसाचा हात पडताना आपोआप पुढं जातो, जन्मापासूनची सवय ती. पण अंगावर दुसऱ्याचं साठ-सत्तर किलो वजन असताना ताठ हात टेकला तर कोपर उलटं जातं. म्हणून हात अंगाशी घ्यायचा आणि खांद्याच्या पाखावरून गोल व्हायचं. ही जन्माची सवय मोडायला पोराला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत त्याला पाडणारा मोठा पैलवान फार जपून पाडत असतो. एका हातानं पाडतो आणि दुसरा हात त्याच्या मानेखाली ठेवतो. बघणाऱ्याला तो दुसरा हात दिसत नाही. जोडीला पूल घालणं असतंच, टाचा आणि टाळू मातीला टेकवून अंगाची कमान. मान तयार व्हायला पुलाशिवाय रस्ता नाही. पहिले काही आठवडे हाताचा आधार घेऊन, नंतर सुटे हात, नंतर पुढंमागं डोलत. कुणीतरी घाई करतं, पहिल्याच महिन्यात पुलावर जोडीदाराला छातीवर बसवतं, आणि मग आठ दिवस मान वळत नाही.

मग येतो पट. एकेरी पट लिहायला सोपा आहे: समोरच्याच्या पुढच्या पायाशी शिरा, गुडघ्यामागं दोन्ही हात अडकवा, पाय छातीशी ओढा आणि वळा. करायला गेलं की चार ठिकाणी फसतो. पोरगं लांबून हात टाकतं. पाय आत न घालता नुसते हात पुढं जातात, आणि तोंडावर पडतं. पाठ वाकवतं, खरं तर वाकवायचे असतात गुडघे. डोकं खाली घालतं, आणि समोरचा मान काखेत धरून तिथंच बसवतो. डोकं वर हवं, कान त्याच्या बरगडीला चिकटलेला हवा, इतका की त्याचा श्वास ऐकू यावा. चौथी चूक म्हणजे पाय हातात आला की थांबणं. पाय मिळाल्याच्या आनंदात पोरगं क्षणभर तसंच उभं राहतं आणि तेवढ्यात सगळं निसटतं. या चारही चुका बोलून सुधारत नाहीत. वस्ताद काठावरून शंभरदा ओरडतील, ‘डोस्कं वर’, पण डोकं वर जातं ते जोडीदारामुळं.

इथं जोडीदाराचं काम नीट बघायला पाहिजे. पहिल्या टप्प्यात तो उभा राहतो, पाय देतो आणि पडतो. ऐकायला काहीच नाही. पण पाय द्यायचा म्हणजे स्वतःहून उचलायचा नाही. हलका केलेला पाय उचलून शिकणाऱ्याला वाटतं डाव बसला, आणि मैदानात खरं वजन आलं की हात सुटतात. वजन पूर्ण ठेवायचं, पण पाय मागं ओढायचा नाही. दुसऱ्या टप्प्यात चार आणे विरोध: पट आला की कंबर थोडी मागं टाकायची, शिकणाऱ्याला अजून अर्धं पाऊल आत यावं लागेल इतकीच. मग आठ आणे: काखेतून हात घालून त्याचा खांदा दाबायचा, म्हणजे डोकं खाली गेलं तर त्याला लगेच कळतं. बारा आण्यांवर उलटा डाव करायचा, पण सावकाश, चूक नेमकी कुठं झाली ते त्याच्या अंगाला समजेल एवढा. आणि सोळा आणे, म्हणजे पूर्ण लढत, आठवड्यातून दोन-तीनदाच. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं, हे पुष्कळदा वस्तादांच्याही आधी जोडीदाराला कळतं, कारण पकड त्याच्या मांडीवर बसते. काल ती सैल होती, आज बोटं रुतली. हे ज्ञान दुसऱ्या कुणाकडं नसतं. शिकणाऱ्याकडंही नसतं. आपण सुधारतोय हे आपल्याला दिसायच्या कितीतरी आधी ते समोरच्याच्या अंगाला समजलेलं असतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

जोड बिघडतेही. दोघांची दोस्ती इतकी होते की कुणालाच दुसऱ्याला आपटवत नाही. तासभर नुसती धरपकड चालते, अंगाला माती लागते पण काही शिकून होत नाही. किंवा उलट, दोघांतला एक मैदान मारून येतो आणि दुसऱ्याच्या मनात ते सलतं. मग आठ आण्यांच्या जागी सोळा आणे लागतात, सरावात हिसके बसतात आणि एक दिवस कुणाचा तरी गुडघा फिरतो. तिसरा धोका सवयीचा. वर्षभर एकाच माणसाशी लढलं की त्याची उंची, त्याचा डावा पाय पुढं ठेवायची ढब, त्याचा दम कधी लागतो हे सगळं पाठ होतं. पट त्याच्यावर बसतो, दुसऱ्या कुणावर बसत नाही. जाणते वस्ताद म्हणूनच तीन-चार महिन्यांनी जोड फिरवतात, आठवड्यातून एकदा हलक्या पण चपळ पोराशी आणि एकदा भारी पैलवानाशी लढवतात, कधी दुसऱ्या तालमीत नेतात. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी चालत जाण्याच्या अंतरावर. तिथली एवढी पोरं पुढं आली त्याला शाहू महाराजांचा आश्रय आणि १९१२ सालचं खासबाग मैदान कारण आहेच. पण इतक्या जवळ इतक्या जोडी मिळणं, हेही कारण आहे असं मला वाटतं.

तालमीबाहेरही माणसं असतात. थंडाई घ्या. बदाम रात्री भिजत घालायचे, आठ-दहा तासांनी सालं काढायची; लहान पोराला दहा-पंधरा, तयार पैलवानाला पन्नासच्या पुढं. खसखस, बडीशेप, काळी मिरी, वेलदोडे. मग दगडी कुंडीत लाकडी सोट्यानं घोटत बसायचं, पाऊण तास, तासभर, बदामाला तेल सुटून सोटा जड होईपर्यंत. मग दूध घालून फडक्यातून गाळायची. मिक्सरमधून दोन मिनिटांत होते, पण पात्याच्या वेगानं ती गरम होते आणि घोटल्याची मऊ चव येत नाही. घोटणारा बहुतेक ताज्या दमाचा नवा पोरगा असतो, पिणारा दुसराच. बदामाचे पैसे येतात गावाकडून. पैलवानाच्या घरात बहुधा दोन भाऊ असतात: एक तालमीत, दुसरा रानात. धाकट्याचा खुराक निघावा म्हणून थोरला दोन म्हशी सांभाळतो, डेअरीला दूध घालून उरलेल्या पैशांतून तुपाचा डबा पाठवतो. त्याचंही शरीर कमावलेलं असतं, कदाचित धाकट्यापेक्षा काटक, पण त्याच्या डोक्याला कुणी फेटा बांधत नाही. आईला कुस्ती कळत नाही. तिला एवढंच कळतं की सुट्टीला आलेल्या पोराचा कान सुजलाय. कानाच्या कातडीखाली रक्त साठतं, ते दोन-चार दिवसांत डॉक्टरकडून काढून दाबून बांधलं नाही तर कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, कायमची जाड होते. तालमीत मोडलेला कान मानाचा. आई त्यावर गरम कापड धरून बसते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, आणि ती जिद्दीची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते. मला तिच्यात माणसं मोजावीशी वाटतात. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पहिले धडे त्यांचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जायला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. मातीत वाढलेला हा पोरगा तिथं गादीवर, परक्या नियमांत लढला आणि सहावा आला. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी मार्गदर्शकानं त्याला तयार केलं. मग चार वर्षं गादीच्या नियमांची मेहनत. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायचे पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. गावानं वर्गणी काढली. ५७ किलो गटात कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गावाकडं परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण या गोष्टीतला मला सगळ्यांत टोचणारा भाग हेलसिंकीचा आहे. एक लांबलेली कुस्ती हरून ते कडेला आले आणि लगेच पुढच्या लढतीला पुकारा झाला. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. तो बजावून सांगायला आपल्याकडचं कुणीच तिथं हजर नव्हतं, असं सांगितलं जातं. दमलेल्या अंगानं ते पुन्हा उतरले आणि हरले.

टॉवेल घेऊन बसलेला कुणी नव्हता.

दुखापतीच्या काळात तर हे माणूस असणं-नसणं उघडंच पडतं. गुडघ्याची आतली दोरी तुटली की शस्त्रक्रिया, आणि पुन्हा लढायला निदान नऊ महिने. पहिले दोन आठवडे गुडघा सरळ करणं हीच मेहनत असते. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि मांडी आवळायची, दहा मोजायचं, सोडायचं, दिवसातून शंभरदा. चौथ्या-पाचव्या महिन्यात दुखायचं थांबतं, आणि तोच धोक्याचा काळ. पैलवानाला वाटतं झालं बरं, तो हौदात उतरतो आणि नवी दोरी पुन्हा तुटते, कारण दुखणं थांबलं तरी ती अजून पुरती मुरलेली नसते. या काळात पुष्कळ पोरं तालीम सोडतात. एकतर मैदानं बुडालेली, खुराकाचा खर्च घरच्यांच्या डोळ्यावर येतोय, आणि खोलीत पडून बाहेरचे धपधप आवाज ऐकणं सोसत नाही. जी टिकतात त्यांच्याकडं बहुतेक एखादा जोडीदार असतो जो रोज अर्धा तास व्यायामाच्या रबराचं दुसरं टोक धरून बसतो. आणि एखादे वस्ताद असतात जे दुखरा पोरगा खोलीत राहू देत नाहीत. कट्ट्यावर बसवतात, लहान पोरांचे जोर मोजायला लावतात, चुका सांगायला लावतात. पट कुठं फसतो हे त्याला तेव्हा पहिल्यांदा बाहेरून दिसतं.

मुलींचं दुखणं अजून वेगळं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ साली, सांगलीत, आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. मधल्या बासष्ट वर्षांत मुलींमध्ये जोर नव्हता असं कुणी म्हणणार नाही. गावातल्या तालमीत आजही एक किंवा दोन मुली असतात, एक चाळीस किलोची, दुसरी बासष्टची. त्यांची जोड होत नाही. मग बाप किंवा भाऊ पहाटे उठून तिच्याशी लढतो. भावाची पकड वेगळी, वजन वेगळं, आणि तो कितीही आठ आण्यांवर लढला तरी तिच्या वजनाची, तिच्या चपळाईची मुलगी समोर आली की तिला पहिली दोन मिनिटं अंदाजच येत नाही. अशा मुली सुट्टीत शंभर किलोमीटरवरच्या तालमीत आठ-दहा दिवसांसाठी जातात, नुसत्या जोडीसाठी. त्या दिवसांत त्यांची जी वाढ होते ती घरच्या चार महिन्यांएवढी असते.

आता त्या टॉवेलवाल्या पोराकडं येतो, कारण त्याच्याविषयी माझं मन अजून सरळ झालेलं नाही. दोन सारख्या पोरांतला एक वर्तमानपत्रात येतो आणि दुसरा येत नाही, हे बोचतं. सव्वीस-सत्तावीसला दुसरा पोलीस भरतीला बसतो, कारखान्यावर लागतो, किंवा गावी जाऊन ऊस बघतो. त्यानं दुसऱ्यासाठी आपलं आयुष्य वाहिलं असं म्हणायला मात्र माझी जीभ वळत नाही. तो पडला तेवढा त्यानं पाडलंही आहे. आणि पडणाऱ्याला डाव दोन्ही बाजूंनी कळतो: कसा मारायचा ते, आणि खाली असताना नेमका कुठल्या क्षणी सुटता येत नाही ते. पुढं त्यातलेच काही वस्ताद होतात. गणपतराव आंदळकर किंवा हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखे मोठ्या नावाचे मल्ल वस्ताद झाले, पोरं घडवत राहिले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावोगावच्या छोट्या तालमी चालवतात ती बहुतेक मैदान न मारलेली माणसं. त्यांच्या हाताखालची पोरं पडायला फार नीट शिकतात, असं पाहण्यात आहे. तरीही ‘कोण न्हाई’ हे शब्द मला पटलेले नाहीत. माईकवर विजेत्याचं नाव पुकारताना गाव, तालीम, वस्ताद एवढं सांगतात. अजून एक नाव घ्यायला किती वेळ लागतो?

त्या दिवशी मैदान मोडल्यावर रस्त्याकडेला रसाच्या गाड्यापाशी गर्दी होती. ते दोघे तिथंच उभे होते. विजेत्याच्या डोक्यावरचा फेटा सुटत आला होता, इनामाचं पाकीट शर्टाच्या खिशात दुमडलेलं. उजवा हात त्याला वर नेववत नव्हता, म्हणून रसाचा ग्लास डाव्या हातात. मोटारसायकल जोडीदारानं काढली, विजेता मागं बसला, गदा मांडीवर आडवी घेतली. वाटेत लोक होते, गाडी हळूहळू सरकत होती, त्यामुळं बोलणं ऐकू आलं.

“उद्या हौद कुणाकडं हाय?”

“माझ्याकडं.”

“मग मी पाणी मारतो. खांदा लागतोय, फावडं न्हाई उचलायचं.”

“पाणी बी नगं. कट्ट्यावर बस. बारक्याचा पट बघ जरा, परत मान घालाय लागलाय.”

“घालतोय व्हय? बरं.”

गाडी डांबरीवर लागली आणि उसाच्या वळणाआड गेली.